बीजिंगमधला जुना बाजार: थर्मास पास, कोंबडीचं घड्याळ नापास

आधी निकाल सांगते, मग कारणं. जुन्या चिनी घरगुती वस्तूंपैकी थर्मास बिनधास्त घ्या. इनॅमलचं तसराळं पारखून घ्या. इनॅमलचा मग फळीवर मांडायचा असेल तरच घ्या, आणि चावीचं घड्याळ घेऊच नका. हिरो पेनचं प्रकरण वेगळं, त्याकडे शेवटी येते. मी नोकरीनिमित्त बीजिंगमध्ये राहते. या वस्तू गेले काही महिने माझ्या घरात रोज वापरात आहेत.

खरेदीच्या जागा दोन. एक पानज्यायुआनचा जुना बाजार. मेट्रोच्या १० नंबर लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. शनिवार-रविवारी पहाटेपासून तिथे जमिनीवर चादरी पसरून विक्रेते बसतात. माओचे बिल्ले, तळहाताएवढी चित्रकथांची पुस्तकं, रेशनची कुपनं, जेड म्हणून विकले जाणारे हिरवे दगड, सगळं एकाच चादरीवर. धान्याची कुपनं इथे १९५५ पासून १९९३ पर्यंत चालली, त्यामुळे ती ढिगाने मिळतात आणि स्वस्तही असतात. विक्रेता एखादी वस्तू छिंग राजवटीची, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातली आहे म्हणाला तर हसून पुढे जायचं. खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर आणखी पंचाईत, कारण १९११ पूर्वीच्या पुराणवस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. दुसरी जागा म्हणजे श्येन्यू हे जुन्या वस्तूंचं ॲप. निवड तिथे जास्त, पण वस्तू हातात घेऊन बघता येत नाही, आणि या खरेदीत हात फार महत्त्वाचा.

आता थर्मास. माझा पाच पौंडी आहे, म्हणजे साधारण दोन लिटरचा. (आठ पौंडीत तीन लिटरच्या वर मावतं, पण भरलेला उचलताना मनगट दुखतं.) पत्र्याचं लाल कवच, त्यावर मोठी गुलाबी फुलं, तोंडाला बुचाचं झाकण. याहून जुन्यांना विणलेल्या बांबूचं किंवा लोखंडी जाळीचं कवच असतं. शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या काळी लग्नात थर्मास आणि तसराळी जोडीनेच यायची. थर्मासला नुसते पैसे पुरत नसत, वर औद्योगिक कूपन, म्हणजे कारखान्यात बनलेल्या वस्तूंसाठीचं रेशन कूपनही लागायचं. मी पैसे मोजून असला थर्मास आणला हे त्यांना अजून पटलेलं नाही. "पोरी, मी दोन भंगारात दिले की गं," म्हणाल्या. तरी झाकण काढून तोंडाला कान लावून बघितलंच. आत घुमल्यासारखा आवाज आला तर काच शाबूत, अशी त्यांची परीक्षा.

माझा सल्ला मात्र असा की आवाज येवो न येवो, आतली काच बदलाच. जुन्या काचेच्या दोन भिंतींमध्ये टेकू म्हणून ॲस्बेस्टॉसचे छोटे तुकडे बसवलेले असत. काच धड आहे तोवर ते आत बंद असतात, पण फुटली की तो भुगा घरात पसरतो. नवी काच आजही वेगळी मिळते, मापं ठरलेली आहेत, आणि मला ती साध्या जेवणाच्या किमतीत मिळाली. बूड फिरवून काढायचं, जुनी काच अलगद उतरवायची, नवी बसवायची. खालचं काचेचं टोक सांभाळायचं, तिथूनच हवा ओढून घेतलेली असते. ते मोडलं की निर्वात पोकळी संपली.

वापराबद्दल एकच तक्रार आहे: बुचाला पहिले काही आठवडे कोंदट वास येतो. उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवल्यावर गेला. बाकी रात्री भरलेलं पाणी सकाळी हिरव्या चहाला व्यवस्थित पुरतं. आपला चहा मात्र त्यात होत नाही, त्याला गॅस आणि आलंच लागतं. तळेगावच्या ईगल थर्मासमधून दवाखान्यात चहा नेलेल्या पिढीला या वस्तूचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

तसराळं आणि मग दोन्ही इनॅमलचे. लोखंडी पत्र्यावर काचेचा थर चढवून ८०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेले. जुनं ओळखायची खूण नक्षीत असते. तेव्हा साचा ठेवून रंग फवारत, म्हणून फुलांच्या कडा धुरकट, हलक्या होत गेलेल्या दिसतात. कडा चाकूने कापल्यासारखी असेल, शिवाय अक्षरं 'जनतेची सेवा करा' अशी ठळक लाल असतील आणि हातातला मग वजनाला हलका असेल, तर तो बहुधा पर्यटकांसाठी गेल्या महिन्यात बनलेला असतो.

माझा मग खरा जुना आहे आणि तरीही नापास आहे. चहा ओतला की कडेने ओठ भाजतात, कान धरवत नाही, आणि पिण्याजोगा होईपर्यंत बघता बघता पार गारच होतो. शिवाय जुन्या लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम आणि शिसं असू शकतं, त्यामुळे टवका उडालेल्या भांड्यात खाणं-पिणं नकोच. आंबट तर अजिबात नको. तसराळ्यात मी कपडे भिजवते, हिवाळ्यात पाय शेकते. एकदा फरशीवर पडलं तेव्हा खालच्या घरातून विचारणा झाली. टवका उडाला तिथे आठवड्यात गंज धरला. पुसून कोरडं ठेवलं तर तो पसरत नाही.

घड्याळ म्हणजे ते दाणे टिपणाऱ्या कोंबडीचं. सेकंदागणिक कोंबडी मान खाली घालते. दिसायला इतकं गोड की मी किंमतही पाडली नाही. पण रोज मागे पडतं, टिकटिक दुसऱ्या खोलीत ऐकू येते, आणि गजर अख्ख्या मजल्याला उठवतो. घड्याळजींनी तेल घालून बघितलं, काही दिवस नीट चाललं, मग पुन्हा तेच. त्या मापाचे सुटे भाग मिळत नाहीत म्हणाले. थर्मास का जिंकला ते इथे कळतं: त्याची काच आजही बनते.

राहिलं हिरो पेन. बाकी सगळ्या वस्तू दुसऱ्यांच्या बालपणातल्या, हे एकटं माझ्या. सांगलीत पाचवीत पेन वापरायची परवानगी मिळाली की सोनेरी टोपणाचं हिरो हवं असायचं. ते शांघायला बनतं हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. इथे मी ६१६ घेतलं, पार्कर ५१ च्या वळणाचं, निब जवळजवळ झाकलेली, शाई दाबून ओढायची नळी. आतली शाई वाळून दगड झाली होती. कोमट पाण्यात रात्रभर ठेवल्यावर सुटली, आणि आता बारीक, एकसारखं लिहितं. नकली ६१६ भरपूर आहेत, म्हणून टोपण दोन-तीनदा घालून-काढून बघा. ढिलं बसलं तर ठेवून द्या. पत्र्याच्या उड्या मारणाऱ्या बेडकाचा शोध अजून चालू आहे. चावीसकट, रंग न उडालेला कोणाला दिसला तर कळवा, पण शंभर युआनच्या वर मी जाणार नाही.