पित्ताशय नसलेल्या काकूंचं पित्ताशय 'उत्तम'!

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत आरोग्य तपासणी' लागली होती. सासूबाई गेल्या आणि येताना साडेसहा हजारांच्या बाटल्या घेऊन आल्या. ही टोळी उद्या तुमच्याकडेही येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली धातूची दांडी. आधी वय, उंची, वजन टाइप करून घेतात, मग दांडी मुठीत धरायला लावतात. रक्ताचा थेंबही न घेता मिनिटभरात अख्ख्या शरीराचा रंगीत रिपोर्ट! सासूबाईंच्या रिपोर्टवर लाल अक्षरांत 'रोगप्रतिकारशक्ती क्षीण'. "आजी, ऑफर आजच्यापुरतीच हं," म्हणत गुळवेल-अश्वगंधा अर्काचा तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारला.

शेजारच्या काकूंचं वय, उंची, वजन साधारण सासूबाईंइतकंच. दोघींचे रिपोर्ट शेजारी ठेवले, तर आकडेही जवळपास तेच. काकूंचं पित्ताशय केव्हाच ऑपरेशन करून काढलंय, पण मशीनच्या मते ते 'उत्तम'!

बाटलीवर एफएसएसएआयचा नंबर होता. तो खाद्यपदार्थाचा, औषधाचा नव्हे. आयुर्वेदिक औषधावर तसे शब्द, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांची यादी असावी लागते. इथे नुसतं 'शुद्ध वनस्पती अर्क'. कोणती वनस्पती, किती, काही पत्ता नाही.

सासूबाईंचा थायरॉइड ऑटोइम्यून प्रकारचा. आमचे डॉक्टर तर वैतागलेच. "यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या ग्रंथीवर उलटलीये, तिला आणखी कशाला डिवचता?" २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं. वाद कुणीही जिंको, बिननावाच्या अर्कात नेमकी कोणती वेल उतरलीये हे आपल्याला कसं कळणार? माझा आयुर्वेदावर राग नाही, घरात वैद्यांचं औषध चालतं. पण वैद्य नाडी बघतात, चालू गोळ्या विचारतात. इथे थायरॉइडच्या गोळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पावती दिली नाही. यूपीआयचे पैसे कंपनीच्या नव्हे, कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात गेले. फोन आता बंद. न उघडलेल्या बाटल्या आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. तुमच्या घरी अशा बाटल्या असतील तर चिडून फेकू नका, लेबलासकट जपून ठेवा.