स्पॅरिंगचं (सरावाच्या फाइटचं) पहिलं किट: फोमचं की रेक्झिनचं, आणि आधी काय घ्यायचं?

जूनमध्ये रत्नागिरीच्या आमच्या मार्शल आर्ट्सच्या क्लासला नवी मुलं येतात आणि दिवाळीच्या सुमारास त्यांच्या घरून विचारणा सुरू होते: "मॅडम, आता फाइट घेणार म्हणताय, तर किट कुठलं घेऊ?" बहुतेकांच्या मोबाइलवर पाच वस्तूंच्या एखाद्या सेटचा फोटो तयारच असतो. त्यावर 'फ्री साइज' लिहिलेलं असतं. मी त्यांना आधी टेप आणून मुलाच्या डोक्याचा घेर मोजायला सांगते, भुवईच्या बोटभर वर टेप धरून. फ्री साइजच्या हेडगार्डने काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

दहा वर्षांची मुलगी होती. हेडगार्ड नवं कोरं, दिसायला छान. पहिली किक कानाजवळ लागली तेव्हा डोकं जागेवर राहिलं आणि हेडगार्ड फिरलं. कानाचं भोक डोळ्यापाशी आलं, समोरचं दिसेना, आणि दुसरी किक तिला आली ती कळलीच नाही. जबड्यावर बसली. तोंडात टीथगार्ड नव्हतं, तिचेच दात ओठात आतून रुतले. दोन टाके पडले. त्या संध्याकाळपासून प्रत्येक मुलाचं हेडगार्ड मी स्वतः हलवून बघते, मगच त्याला मॅटवर उभं करते.

म्हणून दुकानात पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे ते हलतं का. वेल्क्रो लावा, मुलाला जोरजोरात 'नाही नाही' मान हलवायला सांगा, मग तळव्याने बाजूने ढकला. कपाळाची कातडी हेडगार्डबरोबर सरकली तर ठीक. हेडगार्ड कातडीवरून घसरलं तर ते परत द्या, कितीही स्वस्तात मिळत असलं तरी.

आता फोम की रेक्झिन. रबरासारखं गुळगुळीत आवरण चढवलेलं फोमचं हेडगार्ड हलकं असतं, घाम पीत नाही, ओल्या फडक्याने पुसलं की स्वच्छ. तायक्वांदोत तेच चालतं. उणीव एकच: वर्ष-दोन वर्षांत हनुवटीजवळ आणि कडांना चिरा पडतात, आणि सामानाच्या पिशवीत दुमडून कोंबलं तर त्याच्याही आधी. रेक्झिनचं किंवा चामड्याचं हेडगार्ड टिकाऊ, मागून दोरी किंवा पट्टा आवळता येतो, गालांवर जाड गादी असते. बॉक्सिंग, किकबॉक्सिंगला हेच. पण तीच गालाची गादी खालून येणारा ठोसा दिसू देत नाही, हे उंचीने लहान मुलांच्या बाबतीत फार जाणवतं. बारा वर्षांखालच्या मुलाला गाल झाकणारं जड हेडगार्ड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला येणारा मार दिसतो तो निम्मा मार चुकवतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी मनात पक्की धरावी. हेडगार्डने कापणं, सुजणं, खरचटणं कमी होतं; कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. ऑलिम्पिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये वरिष्ठ पुरुषांचं हेडगार्ड 2013 मध्ये काढून टाकलं आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याच्याशिवाय उतरले. त्या निर्णयावर वाद झाले, आणि त्यातून मुलांना हेडगार्ड नको असा अर्थ कुणी काढू नये. मात्र 'हेडगार्ड आहे ना, मार बिनधास्त' असं कुणी शिकवत असेल तर त्या क्लासमधून मुलाला काढा. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, डोकं दुखू लागलं, तर त्या दिवशीची फाइट तिथेच संपली. डॉक्टरांना दाखवायचं, आणि ते हो म्हणेपर्यंत परत मॅटवर नाही.

टीथगार्डबद्दल लोक उगाच कंजुषी करतात. सगळ्या किटमध्ये ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत जास्त उपयोगाची. दुकानात मिळतं ते गरम पाण्यात मऊ करून चावायचं. पाणी उकळून गॅस बंद करायचा, पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद ते बुडवायचं, तोंडात घालून वरच्या दातांवर बसवायचं, हलकं चावून गालांनी आत ओढायचं, जिभेने टाळूकडून दाबायचं. लहान मूल अर्ध्यात थुंकून टाकतं, म्हणून मी दोनदा करायची तयारी ठेवते. थंड झाल्यावर तोंड उघडायला सांगा. दात न दाबता ते वर चिकटून राहिलं तर जमलं. पडलं तर पुन्हा गरम करा. दाताच्या डॉक्टरांकडे माप देऊन केलेलं याहून कितीतरी छान बसतं, त्यात बोलता येतं, श्वास मोकळा राहतो, पण वाढत्या वयात दात बदलतात आणि ते वाया जातं. सोळा-सतरानंतर, नियमित स्पर्धा खेळणाऱ्यानेच तो खर्च करावा. दातांना तारा असतील तर मात्र वय कितीही असो, आधी डॉक्टरांना विचारा. तायक्वांदोच्या स्पर्धेत पांढरं किंवा पारदर्शकच चालतं, तेव्हा काळं, लाल घेऊ नका.

ग्लोव्हज कुठले, हे खेळावर ठरतं आणि इथेच पैसे फुकट जातात. तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, म्हणून तिथले ग्लोव्हज पातळ. कराटेच्या कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीत, ठोसा चेहऱ्यापर्यंत जातो पण आवरलेला असावा लागतो. तिथे लाल आणि निळ्या अशा दोन जोड्यांची गरज पडते. या दोन्हींपैकी काहीही घालून किकबॉक्सिंगची फाइट घ्यायची नाही. तिथे मोठ्यांना 14 किंवा 16 औंसचे, कारण 16 औंस म्हणजे जवळजवळ साडेचारशे ग्रॅमचा ग्लोव्ह, आणि त्यातली गादी तुमच्या मुठीइतकीच समोरच्याच्या नाकासाठी असते. ही गोष्ट मला मनापासून सांगायचीय: ग्लोव्हज आपण जोडीदारासाठी विकत घेतो. ठोसे मारायच्या बॅगवर वर्षभर बडवलेल्या ग्लोव्हजची गादी दबून कडक होते. अंगठ्याने पुढून दाबा. आत हाडं लागल्यासारखं वाटलं तर ते बॅगलाच ठेवा, माणसाला नको.

नडगीच्या गार्डचं सोपं आहे. मोज्यासारखं ओढून घालायचं कापडी गार्ड जागेवर राहतं आणि धुता येतं, वेल्क्रोचं जाड गार्ड जास्त वाचवतं पण फिरतं. मुलांना कापडी, जोरात किक मारणाऱ्या मोठ्यांना वेल्क्रोचं. दोन्हींत पावलाच्या वरचा भाग झाकलेला हवा, कारण किक समोरच्याच्या कोपरावर आपटली की तिथेच कळ जाते.

चेस्ट गार्ड तायक्वांदोला लागतोच. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळा असा उलटा-सुलटा घालता येणारा घ्या. तो कमरेच्या हाडापर्यंतच यावा. मांडीवर आला तर गुडघा वर उचलताना अडतो. मोठ्या स्पर्धेतलं सेन्सरवालं इलेक्ट्रॉनिक गार्ड सहसा आयोजकच देतात, सरावाला त्याची गरज नाही. मुलग्यांना ग्रोइन गार्ड, म्हणजे जांघेचं गार्ड, पहिल्या फाइटपासून. मुलींसाठीही वेगळं मिळतं, तेही घ्यावं. दुकानदार विचारत नाही आणि मुली संकोचाने मागत नाहीत, म्हणून आईने मागावं.

मग सेट घ्यावा की सुटं? सेट स्वस्त पडतो, पण डोकं मोठं आणि पाय बारीक अशी मुलं खूप असतात आणि सेटमधलं काहीतरी एक हमखास सैल होतं. मी सुटंच सांगते, आणि पैसे एकदम नसतील तर या क्रमाने: टीथगार्ड आणि ग्रोइन गार्ड, मग हेडगार्ड आणि ग्लोव्हज, मग नडगी. चेस्ट गार्ड बऱ्याच क्लासमध्ये चार-पाच असतात, तो शेवटी. थोरल्या भावाचं हेडगार्ड धाकट्याला द्यायला हरकत नाही, फक्त वरची हलवून बघायची परीक्षा त्यालाही लावा आणि आतला फोम बोटाने दाबून परत फुगतो का ते पाहा. टीथगार्ड कुणाचंही कुणाला नाही.

कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांसाठी माझा कौल फोमकडे झुकतो, तो पावसाळ्यामुळे. रेक्झिनच्या ग्लोव्हजच्या आतलं कापड जुलैत चार-चार दिवस वाळत नाही, मग पांढरी बुरशी धरते आणि मुलांच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. पुणे-सोलापूरकडे हा त्रास बराच कमी. तरी रेक्झिन घेतलंच असेल तर घरी आल्याबरोबर पिशवीतून बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि सकाळी ओले झालेले बोळे काढून कोरडे घाला.