काळ्याशिवाय सावली: मिनिएचरच्या छायेसाठी सहा रंगांचा संच

बेस रंगात (आकृतीला आधी दिलेल्या मूळ रंगात) काळा मिसळला की सावली तयार झाली, असे समजून मी बरीच वर्षे मिनिएचर, म्हणजे छोट्या आकृत्या, रंगवल्या. त्यामुळे खास छायेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या ॲक्रिलिक संचात काळ्याची बाटलीच नाही, हे पाहून तो विकत घेताना मन साशंक होते. आता २८ मिमीच्या तीसेक आकृत्या रंगवून झाल्यावर वाटते, की काळा वगळणे हाच या संचाचा सर्वांत मोठा गुण आहे.

संचात अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट अंबर, आयर्न ऑक्साइडचा लाल, फ्थॅलो हिरवा, डायॉक्साझिन जांभळा आणि त्वचेच्या सावलीसाठी एक तयार रंग, अशा १७ मिलीच्या सहा ड्रॉपर बाटल्या आहेत. पहिल्या पाचांत प्रत्येकी एकच पिगमेंट (रंगद्रव्य) असून त्याचा क्रमांक लेबलवर छापला आहे; अल्ट्रामरीनवर पीबी २९, जांभळ्यावर पीव्ही २३. मिश्रण करणाऱ्याला ही माहिती फार मोलाची असते, कारण तीन-चार पिगमेंट असलेले दोन रंग एकत्र केले की प्रत्येक पिगमेंट प्रकाशाचा आपापला भाग शोषून घेते आणि पॅलेटवर चिखल उरतो.

या संचाची खरी परीक्षा पिवळ्या झग्यावर झाली. पिवळ्यात कार्बन ब्लॅक घातला तर त्याच्यातल्या निळसर झाकेमुळे मिश्रण शेवाळी हिरवे होते आणि कापडाला बुरशी लागल्यासारखे दिसते. त्याऐवजी वेट पॅलेटवर (रंग ओला ठेवणाऱ्या पॅलेटवर) पिवळ्याच्या आठ थेंबांत बर्न्ट अंबरचे दोन थेंब घेतले आणि ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच जांभळा त्यात फिरवला. जांभळा हा पिवळ्याचा विरोधी रंग असल्याने पिवळ्याची झळाळी तेवढी उतरली, पण ऊब टिकली; घडीच्या तळाशी मधासारखी गडद छटा आली आणि झगा शेवटपर्यंत पिवळाच राहिला. लाल कापडावर हेच काम फ्थॅलो हिरवा करतो, अर्थात त्याहूनही कमी प्रमाणात. पांढऱ्या कापडासाठी अल्ट्रामरीन आणि अंबर यांची जोडी मला सर्वांत आवडली: निळा वाढवला की सावली थंड होते, अंबर वाढवला की उबदार, आणि पांढऱ्यात मिसळण्याआधी ही दोघे मिळून जवळजवळ काळा देतात.

त्वचेचा तयार रंग मात्र निराश करतो. त्यात टायटॅनियम व्हाइट असल्याने गोऱ्या चेहऱ्यावर तो कसाबसा चालतो, पण सावळ्या त्वचेवर गालाखाली राख फासल्यासारखा दिसतो. सावली ज्याची त्याच्याच रंगातून निघायला हवी. त्वचेच्या बेस रंगातच आयर्न ऑक्साइडचा लाल आणि किंचित अल्ट्रामरीन मिसळल्यास कोणत्याही वर्णाची सावली जिवंत दिसते, आणि त्यासाठी लागणारे दोन्ही रंग याच संचात आहेत.

आणखी दोन गोष्टी खटकल्या. फ्थॅलो हिरवा आणि डायॉक्साझिन जांभळा इतके तीव्र आहेत की ड्रॉपरचा एक थेंबही लहान मिश्रणाला जास्त होतो. ते आधी पॅलेटच्या कडेला काढून ब्रशनेच उचलावेत. शिवाय हिरवा वाळल्यावर थोडा चमकतो, आणि खोल घडीत चमक आली की तिथे प्रकाश पडून सावलीचा परिणामच नाहीसा होतो, म्हणून शेवटी मॅट (चमक नसलेले) वार्निश आवश्यक ठरते. सोबतच्या माहितीपत्रकात बेस आणि छायेचा रंग समसमान घ्यायला सांगितले आहे, ते पाळू नये. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडे गडद होते, त्यामुळे मिश्रण आधी कागदाच्या पट्टीवर लावून, पूर्ण वाळू देऊन मगच आकृतीवर न्यावे.

माझी बर्न्ट अंबरची बाटली सर्वांत आधी संपली आणि त्वचेची जवळजवळ भरलेलीच आहे. पाच एकपिगमेंटी रंग सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्यावेत.