खाडीकाठच्या घरातील ५जी वायरलेस इंटरनेट: वेग, विलंब आणि भरवसा

दापोली तालुक्याच्या किनारपट्टीत घरी इंटरनेट घ्यायचे म्हटले, तर आजवर दोनच पर्याय असत: मोबाईलचा हॉटस्पॉट किंवा खांबाखांबांवरून लोंबत येणारी केबल. छपरावर अँटेनाचे यंत्र बसवून थेट ५जी टॉवरवरून घरात इंटरनेट आणण्याची सेवा देशातील मोठ्या कंपन्यांनी २०२३ पासून सुरू केली, आणि पुढे ती आमच्या खाडीकाठच्या वाडीपर्यंत येऊन पोहोचली. उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि गणपतीची गर्दी या तिन्ही काळांत ही सेवा वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या घराच्या छपरावरून टॉवर उघड्या डोळ्यांनी दिसतो त्या घराने ती जरूर घ्यावी. मात्र जाहिरातीतील वेगाचा आकडा पाहून घेऊ नये. या सेवेचे खरे गुणदोष विलंबात आणि सातत्यात आहेत, आणि त्यांविषयी विक्रीला येणारा माणूस एक शब्दही बोलत नाही.

आमच्या घरात सून पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच करते. दिवसातून तीन-चार व्हिडिओ बैठका, दूरच्या संगणकावर थेट काम, आणि तेच इंटरनेट वापरून शेजारच्या दोन खोल्यांतील होमस्टेचे पाहुणे. अशा घराला शंभर एमबीपीएस मिळतात की दोनशे, याने फारसा फरक पडत नाही. बोललेला शब्द समोर किती वेळाने पोहोचतो आणि तो वेळ स्थिर राहतो का, याने पडतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर संभाषणात बहुतेकांना तो जाणवत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे येथून मुंबईचे सव्वादोनशे किलोमीटर जाऊन परत यायला अडीच मिलिसेकंदही लागू नयेत. केबल वळसे घेत गेली तरी पाच धरा. त्यामुळे पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, दाखवणारे अ‍ॅप जेव्हा ऐंशी किंवा चारशे मिलिसेकंद दाखवते, तेव्हा त्याचे कारण कोकण मुंबईपासून दूर आहे हे नसते. ते घर आणि टॉवर यांच्यामध्ये किंवा टॉवरवरच असते.

सकाळी, वाडी अजून शांत असताना, आमच्याकडे पिंग पंचवीस ते पस्तीस मिलिसेकंदांच्या दरम्यान राहतो. ५जीच्या रेडिओसाठी हे चांगलेच म्हणावे लागेल, कारण आपल्याकडे ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तीच लहर डाउनलोड आणि अपलोड यांना आळीपाळीने दिली जाते आणि घरातील यंत्राला काही पाठवायचे असल्यास आधी टॉवरकडे वेळ मागावी लागते. त्या आळीपाळीतही मोठा वाटा डाउनलोडचा असतो, म्हणून अपलोड मुळातच तुटपुंजे मिळते. संध्याकाळी सातनंतर एकाच टॉवरवर सगळ्या गावाचे मोबाईल आणि टीव्ही चालू झाले की हाच पिंग साठ ते ऐंशीवर जातो. ते सहन करता येते. सहन होत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: पाहुण्यांपैकी कोणी किनाऱ्यावर काढलेले व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागले, की त्याच क्षणी सुनेच्या बैठकीतील आवाज तुटू लागे आणि पिंग चारशेच्या वर जाई. स्पीड टेस्ट मात्र तेव्हाही उत्तम आकडा दाखवी.

याचे कारण राउटरच्या आणि छपरावरील यंत्राच्या आत लागणारी रांग हे आहे. कोणतीही माहिती गळू नये म्हणून ही यंत्रे पुढे न गेलेली पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, साठवून ठेवतात, आणि साठवणूक जितकी मोठी तितका मागच्याला उशीर जास्त. अरुंद साकवावर चिऱ्याने लादलेल्या बैलगाड्या आधी चढल्या, की मागून येणाऱ्या पोस्टमनच्या हातात एकच पत्र असले तरी त्याला थांबावेच लागते. व्हिडिओ कॉलची चिमुकली पाकिटे तशीच मोठ्या फाइलींच्या मागे अडकतात. यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. कोणाचेही पाकीट फार वेळ अडकू न देणारी रांग लावणारे एफक्यू-कोडेल आणि केक हे प्रकार ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीत केव्हाचे उपलब्ध आहेत. मी कंपनीच्या राउटरमागे तशी सोय असलेला दुसरा राउटर जोडला आणि अपलोडची मर्यादा संध्याकाळी मिळणाऱ्या वेगाच्याही थोडी खाली बांधली. आता कोणी काहीही चढवत असले तरी पिंग सहसा साठ-सत्तरच्या वर जात नाही. सकाळी मिळू शकणारा अपलोडचा काही वेग यात वाया जातो. हवेतील जोडणीचा वेग तासातासाला बदलत असल्याने एकच ठरीव मर्यादा कधीच अचूक बसत नाही. तरीही हा सौदा मला मान्य आहे. मान्य नाही ते हे की, ही सोय कंपनीने आपल्या राउटरमध्ये दिलेलीच नाही आणि सामान्य ग्राहकाने ती स्वतःच शोधून काढावी अशी परिस्थिती आहे.

पावसात हे चालेल का, हा प्रश्न मला वाडीत सर्वांत जास्त विचारला गेला, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात तो रास्तच आहे. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीला पावसाचे थेंब जवळजवळ अडवतच नाहीत; मुसळधार पावसातही किलोमीटरमागे एक डेसिबलसुद्धा कमी होत नाही. २६ गिगाहर्ट्झची लहर असती तर तासाला शंभर मिलिमीटरच्या सरीत तिचे किलोमीटरमागे दहा डेसिबलहून अधिक, म्हणजे नऊ-दशांशाहून जास्त बळ गेले असते. पाऊस अडचणीत आणतो तो वेगळ्या वाटेने. ज्या टॉवरला केबल नसून १५ किंवा १८ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हने पुढच्या टॉवरशी जोडलेले असते, त्या टॉवरचीच वाट सरींमध्ये अरुंद होते, आणि मग आपल्या छपरावर पूर्ण रेंज दिसत असूनही पलीकडे काही जात नाही. म्हणून जोडणी घेण्याआधी आपल्या टॉवरपर्यंत केबल आली आहे का, हे तंत्रज्ञाला विचारून घ्यावे.

झाडे मात्र पावसाहून कितीतरी जास्त त्रास देतात. आमच्या यंत्रासमोर आधी एक माड होता. वारा नसताना सिग्नल स्थिर. पश्चिमेचा वारा सुटून ओल्या झावळ्या हलू लागल्या की यंत्राच्या सेटिंगच्या वेबपानावरील सिग्नलचा आकडा झावळीच्या प्रत्येक झोक्याबरोबर वर-खाली होताना मी स्वतः पाहिला आहे, आणि त्याच तालात पिंगही हेलकावे खात असे. यंत्र पडवीवरून काढून पाण्याच्या टाकीच्या वर, लोखंडी पाइपावर नेल्यावर ही तक्रार संपली. टॉवर खाडीपलीकडच्या सड्यावर असल्याने आणखी एक गोष्ट लक्षात आली. लहर थेट येते तशी पाण्यावरून परावर्तित होऊनही येते, आणि भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलली की या दोन लहरी कधी एकमेकींना पूरक ठरतात, तर कधी मारक. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत सिग्नल जवळपास एकसारखा राहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला काही तास तो स्पष्टपणे पडतो. यंत्र हातभर खाली सरकवून आम्हाला बरीच मध्यम जागा सापडली, पण बसवायला आलेल्या माणसाने हे तपासायला दहा मिनिटेही दिली नव्हती.

विजेचा प्रश्न वेगळा सांगायला हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या गावांना दीर्घकाळ अंधारात ठेवले होते, तेव्हापासून वीज गेल्यावर काय चालते हा हिशेब येथे प्रत्येक घर करते. बाजारात मिळणारे बारा व्होल्टचे छोटे यूपीएस राउटरला चालते, पण छपरावरील यंत्राचा वीजपुरवठा आमच्याकडे वेगळ्या व्होल्टेजच्या अ‍ॅडॉप्टरमधून, त्याच नेटवर्क केबलने वर जातो. त्यामुळे राउटर जिवंत आणि यंत्र बंद, अशी स्थिती होते. दोन्ही अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरवर घेणे हाच साधा उपाय. एवढे केले तरी टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की सेवा जाते. दीर्घ खंडात आम्हाला ती काही तासच मिळाली आणि डिझेल कधी येईल ते कोणीच सांगू शकले नाही. केबल असताना महामार्गाच्या कामात एकदा तार तुटली की दिवसच्या दिवस वाट पाहावी लागे. तेवढा मोठा खंड या सेवेत अजून पडलेला नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

खाऱ्या हवेकडे कंपनीने मुळीच लक्ष दिलेले नाही. श्रावणात अचानक सेवा दर काही मिनिटांनी तुटू लागली. मदत केंद्रातून प्रत्येक वेळी राउटर बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळाला. अखेर दापोलीहून आलेल्या तंत्रज्ञाने यंत्राच्या बुडाशी असलेले झाकण उघडले, तेव्हा कनेक्टरच्या आठपैकी तीन पिना हिरव्या पडलेल्या होत्या आणि रबरी बूच नीट आवळलेले नसल्याने केबलवरून ओघळलेले पाणी थेट आत जात होते. त्या मुलाने मनापासून काम केले: नवा कनेक्टर, सिलिकॉन, आणि केबलला खाली घेऊन पुन्हा वर नेणारा वळसा, म्हणजे पाणी वळशाच्या टोकाशी गळून जाईल. त्यानंतर तक्रार नाही. किनाऱ्यावरच्या घरात हे काम पहिल्याच दिवशी, ग्राहकाने समोर उभे राहून, करवून घ्यावे.

गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर ताण येतो. त्या दिवसांत रात्री आठ ते अकरा वेग एक-दशांशावर आला आणि बैठक घेणे अशक्य झाले; शिमग्यात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याचीच सौम्य आवृत्ती पाहायला मिळाली. ठरलेल्या वेळी काम करणाऱ्याने अशा काळासाठी दुसऱ्या कंपनीचे मोबाईल सिम तयार ठेवावे.

बंद घरांवर मुंबईहून लक्ष ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना: या जोडणीत सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरील स्वतःचा पत्ता, मिळत नाही, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे कंपनीच्या क्लाउडवरून चालणारे कॅमेरे चालतात, पण घरातील रेकॉर्डरला बाहेरून थेट जोडणारी जुनी पद्धत चालत नाही. तसेच जांभ्याच्या जाड भिंतींपलीकडे वायफाय पोहोचत नसेल, तर दोष सेवेचा नसतो. मधल्या खोलीपर्यंत केबल ओढून तेथे दुसरा वायफाय पॉइंट बसवावा.

बसवणीचे पैसे माफ होतात म्हणून बहुतेकजण सहा महिन्यांची किंवा वर्षाची योजना एकदम घेतात. माझा सल्ला उलटा आहे: शक्य असल्यास जून ते ऑगस्ट महिन्या-महिन्याने पैसे भरावेत, रोज संध्याकाळी एखादी मोठी फाइल चढवत असतानाचा पिंग पाहावा, आणि तो दोनशेच्या आत राहत असेल तरच पुढची योजना घ्यावी. टॉवर डोंगराआड असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, केबलवाल्याचीच वाट पाहावी.