नवायस लोह आणि विश्रामबागेतल्या वैद्यबाई

शाळेचा जिना चढताना धाप लागायची, फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी यायची. हिमोग्लोबिन निघालं ८.४. लोहाच्या साध्या गोळ्या घेऊन पाहिल्या, पण मळमळ आणि बद्धकोष्ठता सोसवेना. म्हणून सांगलीत विश्रामबागेतल्या एका वैद्यबाईंकडे गेले.

त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि औषध न देताच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ जीवनसत्त्व, अशा रक्ततपासण्या करून आणायला सांगितलं. "नुसतं पांडुरोग, म्हणजे रक्त कमी, म्हणून लोह देऊन चालत नाही ताई. बी-१२ कमी असेल तर लोहाने काही होणार नाही." ही एकच गोष्ट मला त्यांच्यावर विश्वास ठेवायला पुरेशी होती. बी-१२ ठीक निघालं, फेरिटिन फक्त ६. पाळीतला जास्तीचा स्राव आणि जेवण झालं की लगेच चहा, अशी दोन्हीकडून गळती चालली होती. स्रावासाठी त्यांनी सोनोग्राफीही करायला लावली.

औषध दिलं नवायस लोह. त्रिफळा (हिरडा, बेहडा, आवळा), त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), नागरमोथा, वावडिंग, चित्रक ही नऊ द्रव्यं एकेक भाग आणि लोहभस्म नऊ भाग. म्हणजे अर्धं चूर्ण लोहाचंच! निव्वळ झाडपाला समजून मनाला येईल तेवढं घेऊ नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. मध-तुपात कालवून घ्यायचं. त्रिकटूमुळे घसा चांगलाच चुरचुरतो. शौचाला काळी होते, त्याने घाबरू नये. मला मात्र बद्धकोष्ठता झाली नाही.

पथ्य औषधाइतकंच काटेकोर. चहा जेवणापासून तासभर तरी लांब. बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ, आणि त्यावर लिंबू पिळायचंच, कारण धान्या-भाज्यांतलं लोह आंबट असेल तर नीट अंगी लागतं. भाजी लोखंडी कढईत. हळिवाचे लाडू मला आवडत नव्हते, आता आवडतात.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.३. बायकांसाठी १२ हवं, शिवाय साठाही भरायचाय, त्यामुळे औषध चालू आहे. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायका पांडुरोगी आहेत, ५४ टक्के, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. तेव्हा मैत्रिणींनो, थकवा अंगावर काढू नका, आधी तपासणी करा.

गर्भार असाल किंवा हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर आधी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जा. वैद्यबाईही तशा पेशंटला तिकडेच पाठवतात. नंबर सकाळी लवकर लावा, दुपारी दवाखाना बंद असतो.