एडीएचडी असेल तर ऐकायचं कसं: वही घेऊन की चालता चालता?

"अहो, ऐकताय ना?" हा प्रश्न घरात रोज येत असेल, तर आधी एक सांगतो. समोर बसून बोललं तरी लक्ष नसल्यासारखं वाटणं, हे २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाणाऱ्या स्थितीचं, लक्षण म्हणूनच नोंदलेलं आहे. माया कमी असते म्हणून असं होत नाही. मलाही एडीएचडी आहे, आणि वही घेऊन ऐकणं, चालता चालता ऐकणं, हे दोन्ही उपाय मी सांगलीत राहून वापरलेत.

डॉक्टर, बँक, मुलांच्या शिक्षकांची भेट, अशा ठिकाणी डोळे झाकून वही निवडा. आपण दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडतो, ते बहुतेकदा सुचलेलं निसटून जाईल या धास्तीनं. एक शब्द कागदावर टाकला की धास्ती जाते आणि समोरच्याचं वाक्य पुरं होतं. एकच शब्द, हं. अख्खी वाक्यं उतरवायला गेलात तर पुढचं सगळं हुकतं.

पण बायको वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलत होती तेव्हा मी वही काढली, आणि ती गप्पच झाली. "मी जबानी देतेय का?" तेव्हापासून घरातल्या, मनातल्या गोष्टींसाठी मी चालणंच निवडतो. पाय हलत असले की अंगातली चुळबुळ तिथं खर्ची पडते. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर भिडवून ठेवायची धडपडही उरत नाही; माझं निम्मं लक्ष त्यातच जायचं. जागा मात्र बघून निवडा. हरभट रोडवर हॉर्न, पाट्या, ओळखीची माणसं. तिथं माझं ऐकणं दहा पावलांत संपतं. सकाळची आमराई बरी.

एडीएचडीसाठी मिथिलफेनिडेटसारखं औषध चालू असेल तर त्याचा असर काही तासच टिकतो, म्हणून महत्त्वाचं बोलणं त्या वेळात ठेवा.

चालण्यात उणीव एकच: घरी येईपर्यंत निम्मं विसरतं. म्हणून फाटकापाशी आलो की मी विचारतो, "यातलं मी काय करायचंय?" आणि तेवढंच फोनमध्ये लिहून घेतो. परवा ती म्हणाली, "काही नाही. नुसतं सांगायचं होतं."