पात्र वाटायचं की शॉट? हाताने काढलेल्या फिल्मची कामवाटणी

तीन-चार जणांनी मिळून हाताने काढलेली शॉर्ट फिल्म करायची ठरवली, की स्टोरीबोर्ड (सगळ्या शॉटची चित्रमालिका) पक्का होताच वाटणीवरून वाद सुरू होतो. एक म्हणतो, "आजी माझी, मांजर तुझं." दुसरा म्हणतो, "पहिले वीस शॉट माझे, पुढचे तुझे." मोठ्या स्टुडिओंनी या दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. कुठे ठेच लागते हे त्यामुळे आपल्याला आयतं कळतं.

पात्रावार वाटणीची जादू बघायची तर डिस्नेचे खलनायक बघावेत. 'स्नो व्हाइट'मधली (१९३७) राणी अॅनिमेटर आर्ट बॅबिट यांनी काढलेली, तिची चेटकीण झाल्यावर ती नॉर्म फर्ग्युसन यांची. बाई एकच, पण रूप बदलतं तिथे हातही बदलला, म्हणून सांधा दिसत नाही. 'पिनोकियो'मधला (१९४०) आरडाओरडा करणारा स्ट्रॉम्बोली व्लादिमीर टायटला यांचा. १९६१च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटातली क्रुएला मार्क डेव्हिस यांची. एकाच माणसाच्या डोक्यात पात्र मुरलं की मान कशी वळेल, सिगारेटचा हात कुठवर जाईल, हे त्याला प्रत्येक शॉटला नव्याने ठरवावं लागत नाही. नव्वदच्या दशकात डिस्नेने याच पद्धतीवर पुन्हा भर दिला. 'अलादीन'चा जिनी एरिक गोल्डबर्ग यांच्याकडे, जाफर आंद्रेयास देजा यांच्याकडे.

पण नायिकेपाशी गणित अडतं. स्नो व्हाइट जवळपास सगळ्या चित्रपटभर आहे. एका माणसाला ती पेलणारी नव्हती. हॅमिल्टन लस्क यांची मुलगी कोवळी, ग्रिम नॅटविक यांची थोडी मोठी, जरा जाणती. मग हा फरक बुजवायचं काम आलंच. म्हणजे पात्रावार वाटणी केली म्हणून चेहरा एकसारखा राहतोच असं नाही. त्यात रांगेचा त्रास वेगळा: आजी मांजराला उचलून घेते त्या शॉटमध्ये आजीवाल्याचं रफ (कच्चं रेखाटन) झाल्याशिवाय मांजरवाल्याने पेन्सिल उचलून उपयोग नाही. आणि गर्दी? ती मागून कुणी घेत नाही.

शॉटवार वाटणीत (म्हणजे सलग प्रसंग एकाकडे, त्यातली सगळी पात्रं त्यानेच काढायची) हा अडथळाच उरत नाही. 'बँबी'त (१९४२) फ्रँक थॉमस, मिल्ट काल, एरिक लार्सन आणि ऑली जॉन्स्टन या चौघांकडे प्रसंग होते. बर्फावर घसरणारं पाडस बँबी आणि त्याला उभं करू पाहणारा ससा थंपर, दोघेही थॉमस यांच्या हातचे. एकाच्या ढकलण्याने दुसऱ्याचे पाय नेमके कसे फाकतील, हे दोन टेबलांवर बसून जुळवणं किती कठीण गेलं असतं! 'लेडी अँड द ट्रॅम्प'मधली (१९५५) एकाच शेवयेच्या दोन टोकांनी जवळ येणारी कुत्र्यांची जोडीही त्यांचीच, आणि तो प्रसंग तर वॉल्ट डिस्ने गाळायला निघाले होते.

जपानमध्ये शॉटवार वाटणी हीच रीत. तिचा दोष उघड आहे: दर मिनिटाला नायकाचं नाक बदलतं. त्यावर तोएई स्टुडिओत उपाय निघाला. १९६३च्या आठ तोंडांच्या सर्पाच्या चित्रपटात यासुजी मोरी यांनी सगळ्यांची मूळ ड्रॉइंग्ज तपासून चेहरे एका वळणावर आणले, आणि हे कायमचं पद झालं. मात्र हा माणूस फुकट मिळत नाही. 'प्रिन्सेस मोनोनोके'त (१९९७) सुमारे १,४४,००० सेल (पारदर्शक पत्र्यांवरची चित्रं) होते आणि त्यातले ८०,०००च्या आसपास दिग्दर्शक मियाझाकींनी स्वतः हात लावून दुरुस्त केले, असं सांगतात. तुमच्या गटातला जो चेहऱ्यांवर नजर ठेवेल, त्याच्या वाट्याला स्वतःचे शॉट कमीच द्यावे लागतील. हे आधी बोलून घ्या, नाहीतर शेवटच्या आठवड्यात तोच सगळ्यांवर चिडलेला असेल.

माझा कल छोट्या गटासाठी शॉटवार वाटणीकडे आहे. वेग हे त्याचं कारण नाही, स्पर्श हे आहे. स्टोरीबोर्ड समोर ठेवा आणि ज्या शॉटमध्ये दोन पात्रं एकमेकांना धरतात, ओढतात, भरवतात, त्यांवर लाल खूण करा. खुणा भरपूर असतील तर पात्रावार वाटणीचा विचार सोडून द्या. खुणा मोजक्याच असतील, पात्रं आपापल्या फ्रेममध्ये बोलत असतील, तर पात्रं वाटायला हरकत नाही. अधलामधला मार्गही आहे: मोजक्या शॉटमध्ये येणारं, कुणाला हात न लावणारं एखादं विक्षिप्त पात्र असेल तर ते ज्याला मनापासून हवंय त्याला पूर्ण द्या, बाकी सगळं शॉटवार.

वाटणीआधी प्रत्येकाकडून मुख्य पात्राचा चेहरा तीन बाजूंनी काढून घ्या आणि कागद लाइट बॉक्सवर (खालून उजेड असलेल्या काचेच्या पेटीवर) एकमेकांवर ठेवा. थोडाफार फरक दुरुस्ती करणारा सांभाळून घेईल. डोळे आणि जबडा जुळतच नसतील तर पात्राच्या रेषाच कमी करा आणि मगच शॉट वाटायला बसा.